दोघांचा काक्षी

“…पण बुवा, ते दोन तारे तुम्हाला सारखे दिसतातच कसे?” नवा शिष्य विद्याधर याने विचारले.

सदानंदबुवा मठाच्या गच्चीवर घोंगडी पसरून बसले होते. काक्षी हा तांबडा तारा कधी उजळतो, कधी मंदावतो. बुवा तरुणपणापासून त्याचे तेज नुसत्या डोळ्यांनी पाहून नोंदवत आले होते. प्रश्वा या पांढऱ्या ताऱ्याचे तेज बदलत नाही, म्हणून तुलना त्याच्याशी.

“मला सारखे दिसतात,” बुवा म्हणाले.

“काक्षी स्पष्ट मंद आहे. तुम्हाला मोतीबिंदू आहे, बुवा. त्यातून पांढरा तारा फिका दिसतो. तुमची निरीक्षणं आता…”

“चुकतात. बोल की.”

बुवांनी त्याला शेजारी बसवले.

“आठवड्यावर ऑपरेशन आलंय. मग डोळा नवा. जुन्या डोळ्याने पाहिलेलं त्याला जुळायचं नाही. म्हणून तुला ठेवून घेतलं. तोवर दोघांनी रोज पाहायचं. तुझ्या-माझ्यात फरक किती ते कळलं, की तुझं पाहणं माझ्या जुन्या नोंदींना जोडता येईल. नाहीतर सगळं इथेच तुटलं.”

“त्यात काय अवघड आहे?”

“वर येताना मोबाईल बघत होतास?”

“…थोडा.”

“डोळे अजून अंधाराला सरावले नाहीत. आणि काक्षीकडे टक लावून बसतोस. तांबडा तारा टक लावली की उगाच उजळतो. नजर टाकायची आणि काढून घ्यायची. प्रश्वा तर अजून खाली, धुरळ्यात आहे. तो वर येऊ दे. मग सांग.”

विद्याधरची मान खाली गेली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने मोबाईल खालीच ठेवला. अंधारात बराच वेळ बसून राहिला. प्रश्वा वर आला.

“काय दिसतं?” बुवांनी विचारले.

विद्याधरने काक्षीवर नजर टाकली. प्रश्वावर टाकली. पुन्हा काक्षीवर. मग बुवांकडे पाहिले.

“तुम्हाला काय दिसतं, बुवा?”

“सारखे.”

“…मलाही सारखेच.”

“काल मंद होता.”

“काल माझं चुकलं. तुमच्यापुढे माझी नजर ती काय.”

बुवा उठले. घोंगडी झटकून त्यांनी खांद्यावर टाकली.

“म्हणजे आज एकाच माणसाने पाहिलं… आणि त्याला मोतीबिंदू आहे.”