फ्रेंच केळं

“पण का, फादर? केळं फ्रेंचमध्ये बाई का?”

फादर इनास लोपीस वालाच्या वाफ्यातलं तण उपटत होते. उमेदीची वर्षं फ्रान्सच्या मठात काढून ते वसईला परतले होते, आणि रविवारी चर्चमागच्या वाडीत फ्रेंच शिकवायचे.

शिष्य होते कारखानीस सर. निवृत्त संस्कृत शिक्षक. एका अनुस्वारासाठी मार्क कापणारा माणूस, आता त्याला गप्प कोण बसवणार?

“मराठीत खुर्ची बाई का?” फादरांनी विचारलं.

“ती आपली आहे हो. तिला कोण विचारतंय? फ्रेंचला नियम असेलच की.”

“असेल.”

“मग सांगा ना.”

फादर तण उपटत राहिले…

सरांचा जीव अडकला होता नातीत. मुलगा फ्रान्समध्ये, सून तिथलीच, आणि चार वर्षांच्या इराला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. सर मनात वाक्य जुळवायचे, लिंग तपासायचे, क्रियापद तपासायचे. तोवर पोरगी कंटाळून पळायची. आजोबा नातीशी अजून एक शब्द बोलले नव्हते. काय म्हणावं या माणसाला!

“मुलगा सांगत होता,” सर हळूच म्हणाले, “तिला वाटतं, या आजोबांना बोलताच येत नाही.”

फादरांनी वाडीतल्या केळ्यांची टोपली जवळ ओढली.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

“आत्ता नको. माझं वाक्य तयार नाही, फादर. चुकलो तर?”

फादरांनी मातीनं भरलेलं बोट पुढे केलं आणि कॉल घेतला. मग टोपलीतलं एक केळं सरांच्या हातात दिलं.

पडद्यावर इरा. सरांना घाम फुटला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंडातून निसटलं, “ल… बनान.”

इरा थबकली. मग खो खो हसत सुटली. “ला! ला बनान!”

बाईला ‘ला’ लागतो, सरांनी पुरुषाचा ‘ल’ लावला होता. सर कानापर्यंत लाल झाले. “ला बनान,” ते पुटपुटले.

इरा पळाली. झालं, संपलं. सरांनी मान खाली घातली.

पण ती परत आली. हातात बूट. तो कॅमेऱ्यापुढे धरून भुवया उंचावून वाट बघत राहिली. सर पुन्हा चुकले. मग अस्वल आलं, चमचा आला, उशी आली. सरांचं बरोबर आलं की तिचा चेहरा पडायचा, चुकलं की ती पलंगावर उड्या मारायची. आई जेवायला हाका मारत होती, तरी पोरगी हलेना. शेवटी जाता जाता फ्रेंचमध्ये बजावून गेली, आजोबा, उद्यापण यायचं.

सरांचे डोळे भरून आले होते. हसूही आवरत नव्हतं.

“फादर, तिनं उद्या बोलावलंय मला. रविवारची वाटसुद्धा बघायला तयार नाही ती. आज बसून सगळी लिंगं पाठ करतो. उद्या एक चूक होणार नाही, बघाच.”

“अरेरे,” फादर म्हणाले, “मग त्या पोरीनं काय करायचं?”