कागदावरचं लग्न

अमेरिकेत घर बदललं, की ग्रीनकार्डवाल्यानं दहा दिवसांत सरकारला नवा पत्ता कळवायचा असतो. हेमांगीनं अर्ज तिसऱ्याच दिवशी भरला आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, दिला.

आठ महिन्यांनी, लग्नामुळे मिळालेलं तिचं दोन वर्षांचं कार्ड कायम करायला आम्हाला मुलाखतीसाठी बोलावलं. अधिकारी खुर्चीत रेलून म्हणाला, "नवऱ्याच्या लायसन्सवर पत्ता नवा, बायकोचा आमच्याकडे अजून जुनाच! ग्रीनकार्डासाठी केलेलं कागदावरचं लग्न दिसतंय हे."

"अर्ज केव्हाच पाठवलाय, साहेब. पोस्टात गहाळ झाला असणार," मी ठोकून दिलं आणि घाम पुसायला कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर एक लिफाफा टेबलावर पडला. तिच्या अक्षरातला, तिकीट लावलेला.

अधिकारी मिशीत हसला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

हेमांगीनं लिफाफा उचलून शांतपणे त्याच्यापुढे सरकवला. "साहेब, लग्न नुसतं कागदावरचं असतं, तर इतका महत्त्वाचा कागद मी ह्यांच्या भरवशावर सोडला असता का?"

अधिकाऱ्यानं हसू दाबत शिक्का मारला. लग्न खरं ठरलं. खोटा ठरलो तो मी एकटा.