कूलरपुढची शेगडी

धोंडीरामशेठनी मोठ्या हौसेनं ट्रकच्या केबिनला एसी बसवून घेतला, आणि आठ दिवसांत गाडी घाटात तीनदा उकळली. शेठनी कचरू ड्रायव्हरला ऑफिसात उभं केलं.

कचरू म्हणाला, "शेठ, एसीची जाळी केबिनमधली गरमी बाहेर फेकते. तुम्ही ती रेडिएटरच्या तोंडासमोरच बसवायला लावली. ती टपावर न्या, तिला वेगळा पंखा द्या."

"मला शिकवतोस? समोरून एवढा वारा येतो, त्यात रेडिएटर गार होणार नाही? इंजिन तुझ्या चालवण्यानं तापतं! पटवून दे, नाहीतर चावी ठेव आणि घरी जा."

कचरू बाहेर गेला. समोरच्या चहावाल्याची पेटलेली शेगडी कडीला धरून त्यानं आत आणली आणि शेठ व त्यांचा कूलर यांच्या बरोबर मधे ठेवली. हा करतोय तरी काय, म्हणून हमाल दारात गोळा झाले.

मे महिन्याची दुपार. दोन मिनिटांत शेठ घामानं निथळले.

"अरे, भाजून काढतोस का मला?"

"कूलर चालूच आहे की, शेठ. वारा तर भरपूर येतोय."

"शेगडीवरून आलेला वारा गार कसा लागेल, शहाण्या? उचल ती शेगडी!"

"कुठली, शेठ? तुमच्यापुढची, की रेडिएटरपुढची?"

शेठ उपरण्यानं कपाळ पुसत म्हणाले, "दोन्ही उचल. पण आधी माझ्यापुढची!"