वाळू दिलेलं गाव

बाळांनो, आणि बाळांच्या शेजारी बसलेल्या थोरांनो, ऐका. फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. नदी पावसाळ्यात भरून वाहायची आणि उन्हाळ्यात वाळूखाली दडायची. वरून बघावं तर सगळं कोरडं. पण बायका हातांनी वाळू उकरून लहानसा खड्डा करायच्या. त्याला झिरा म्हणत. जरा दम धरला की झिऱ्यात गार, नितळ पाणी जमायचं. ऊन कितीही तापो, त्या गावातली घागर रिकामी परतत नसे.

गावचा पाटील होता मानाजी. माणूस वाईट नव्हता. पण एकदा तो राजधानी बघून आला आणि तिथल्या चुनेगच्ची माड्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपलं मातीचं घर त्याला खुपू लागलं.

अशातच राजाचा मुकादम गावात आला. राजाला किल्ला बांधायचा होता. चुन्यात मिसळायला वाळू हवी होती.

"पाटील, ही वाळू आम्हाला द्या," मुकादम म्हणाला. "बदल्यात दगड घ्या, चुना घ्या, सागवान घ्या. गवंडीही आमचेच. घरटी एक माडी उभी करून देतो."

मानाजी हरखून घरी आला. त्याची बायको ठकूबाई चूल सारवत होती. सगळं ऐकून तिचा हात थांबला.

"अहो, वाळू गेली तर पाणी कुठं राहील?"

"पाणी आभाळातून पडतं. वाळूतून नाही."

"पडतं आभाळातून. पण पुढचा पाऊस येईपर्यंत त्याला सांभाळतं कोण?"

"तुला माडी नको का?"

"हवी की. पण माडीवर बसून प्यायचं काय?"

मानाजी नुसता हसला. दुसऱ्या दिवशी गाड्या नदीत उतरल्या.

पहिली माडी अर्थातच पाटलाची झाली. तिथं बसून तो गाड्यांची रांग बघे आणि सुखावे. इकडे झिरे खोल जाऊ लागले. आधी हात बुडेपर्यंत उकरावं लागे, मग कंबरेइतकं. पुढे तर बायकांना खड्ड्यात उतरूनच पाणी भरावं लागे.

एका दुपारी ठकूबाई अशीच खाली उतरली. वर काठाला गाड्या भरणं चालूच होतं. कड खचली आणि खड्डा बुजला. माणसांनी हातांनी वाळू उपसली. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या नाकातोंडात तीच बारीक, राजाला पसंत पडलेली वाळू भरली होती.

तिचे तेरा दिवस उरकले तसा मानाजी नदीत जाऊन गाड्यांपुढे आडवा उभा राहिला. "बस झालं! आता एक पाटीही जाणार नाही."

त्याचा शेजारी राघोजी पुढे झाला. "वहिनींचं आम्हालाही वाईट वाटतं, पाटील. पण तुमची माडी झाली. आमचं अजून जोतंसुद्धा वर आलं नाही. आमच्या लेकराबाळांनी मातीतच राहायचं का?"

ही हाव मानाजीनंच तर घरोघर वाटली होती. गाड्या त्याला वळसा घालून पुढे गेल्या.

अखेर सगळ्यांच्या माड्या झाल्या. तोवर नदीत उघडा खडक लागला. पावसाळ्यात पाणी आलं आणि आलं तसं धावत निघून गेलं. मागोमाग विहिरी आटल्या. जनावरं गोठ्यात बसली ती उठलीच नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर लोकांनी सागवानी दारांना कुलपं घातली आणि गाव सोडलं.

चालता चालता ते वरच्या अंगाच्या एका गावी पोचले. तिथं नदीत वाळू होती. बायका झिऱ्यावर पाणी भरत होत्या. त्यांनी ओंजळी भरभरून सगळ्यांना पाजलं.

राघोजीनं तोंड पुसलं. खाली वाकून मूठभर वाळू हातात घेतली. "पाटील, काय झकास वाळू आहे हो! मुकादमाच्या कानावर घातलं तर..."

पाणी पाजणाऱ्या म्हातारीनं ते ऐकलं. तिनं घागर खाली ठेवली.

"पाणी प्यालात ना, पाहुणे? मग आता वाट धरा."

सगळे मानाजीकडे बघू लागले. गावासाठी चार शब्द बोलणं हे पाटलाचंच काम. त्यानं तोंड उघडलंही. पण त्या म्हातारीनं जे सांगितलं, तेच त्यानं मुकादमाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्यानं गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागला. वाळू देऊन आलेली माणसं ही, असं कळल्यावर पुढे त्यांना कुठल्याच गावानं थारा दिला नाही.

तात्पर्य: जी माती आपल्याला जगवते, तीच देऊन बांधलेल्या घरात राहायला शेवटी कुणी उरत नाही.