पखुर्ड्यांचा रेवजी

फार वर्षांपूर्वी, कुसळवाडीला गाव म्हणायचीही लाज वाटावी इतकी थोडी घरं होती तेव्हा, माळाच्या कडेला रेवजी नावाचा फासेपारधी पाल ठोकून राहत असे. सोबत त्याची बायको झिमा. पालात तिसरं माणूस नव्हतं. का नव्हतं ते आधी ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्यांना एक लेक झाली होती. अजून अंगावरच पीत होती. एका उन्हाळ्यात गाढवावर बिऱ्हाड लादून ते माळ तुडवत निघाले आणि वाटेतली सगळी डबकी आटलेली निघाली. झिमाचं दूध आटलं. रेवजीने तिला बोरीच्या तुटपुंज्या सावलीत बसवलं आणि तो पाण्याला गेला. पाणी लांब मिळालं. तो छाती फुटेस्तोवर पळत परतला, तेव्हा झिमा पोरीवर पदर धरून जागच्या जागी बसली होती, पण पोर गेली होती. झिमा त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रेवजीला जन्मभर वाटत राहिलं.

पोरीला मूठमाती देताना त्याने शपथ घेतली, की यापुढे कुठल्याही आईला फासात धरणार नाही. पारध्याने अशी शपथ घ्यायची म्हणजे अर्ध्या भाकरीवर पाणी सोडायचं. पण रेवजीने ती पाळली.

कुसळवाडीच्या माळावर तेव्हा पखुर्ड्या फार. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढं, आखूड पायांचं, टोकदार शेपटीचं पाखरू. घरटं म्हणून काही बांधत नाही, उघड्या मातीवर अंडी घालतं. तुम्हाआम्हाला सगळ्या पखुर्ड्या सारख्याच दिसतील. रेवजीला त्या तशा दिसत नसत. मादीच्या अंगभर काळ्या रेघोट्या आणि ठिपके, ती बसली की माती कुठली आणि पाखरू कुठलं ते कळत नाही. नर मातकट पिवळा, अंगावर नक्षी बेताचीच, छातीवर काळ्या दोऱ्यासारखी एक बारीक रेघ, आणि पोट करपलेल्या भाकरीच्या रंगाचं. थवा उन्हाच्या अंगाने उडत गेला, तरी त्यात नर किती नि माद्या किती हे तो खालून सांगायचा, असं म्हणतात.

उन्हं जरा वर आली की पखुर्ड्या खोकडतळ्यावर पाण्याला उतरत. रेवजी तिथे काठाकाठाने घोड्याच्या केसांचे फास मांडायचा. पाय अडकला की पाखरू फडफडे. रेघोट्यांची असली तर तो तिचा पाय अलगद सोडवायचा आणि तिला उडवून द्यायचा. छातीवर रेघ असली की झोळीत टाकायचा.

लोकांना याची मोठी मौज वाटे. गावचा पाटील तर त्याला गाठून चिडवायचाच.

‘‘काय रं रेवज्या, बाया सोडून देतोस नि गडी तेवढं धरतोस? कसला रं ह्यो तुजा न्याव?’’

‘‘पाटील, तुमी एकडाव तळ्यावर येऊन बगा,’’ रेवजी म्हणायचा. ‘‘बायकू तिकडं उनात पिलांवर भाजून निगतीया, नि ह्यो हितं पाण्यात पोट बुडवून डुलत बसतुया. पानी पिऊन झालं तरी उटंना. असला ऐदी न्हवरा धरला तर कुनाचं काय जातंय?’’

पाटील हसायचा, रेवजीही हसायचा. ते खोटं नव्हतं. नर खरंच काठच्या पाण्यात बसून पिसं फुगवून, पोट घासत डुलत राहायचे. धरलेला नर हातात घ्यावा तर पोट चिंब ओलं. रेवजी तो हात धोतराला पुसायचा आणि पुढच्या फासाकडे वळायचा.

अशी वर्षं गेली. मग एक उन्हाळा असा आला, की खोकडतळं सोडून मैलोन् मैल पाण्याचा थेंब उरला नाही. सगळ्या माळाच्या पखुर्ड्या त्या एका काठावर उतरू लागल्या आणि रेवजीची झोळी रोज भरू लागली. झिमा सरपणाला माळावर जायची. एके दिवशी ती रिकाम्या हाताने आली आणि पालाच्या तोंडाशी उभी राहिली.

‘‘अवं, जरा चला माज्यासंगं.’’

त्याने विचारलं काय झालं, तर ती पाठ फिरवून चालू लागली. दगडगोट्यांत एक मादी पंख पसरून बसली होती. माणसं इतकी जवळ आली तरी ती उडाली नाही. झिमाने खाली वाकून हळूच तिचा पंख उचलला. खाली पिलं होती, चोची उघड्या टाकून मेलेली.

‘‘साप न्हाई, ससाना न्हाई,’’ झिमा म्हणाली. ‘‘अंगाला वरखडा न्हाई. तानेनं मेल्यात.’’

‘‘मग आई काय करीत हुती त्यांची?’’ रेवजी खेकसला. ‘‘सोडलीया न्हवं मी तिला! येकेकीला सोडलीया!’’

‘‘ती सावली धरून बसली व्हती. पानी बाप आनतुया ह्यांचा.’’ झिमा पिलांकडे बघत होती. ‘‘त्यो आला न्हाई म्हून ती उटत न्हाई. म्या बी उटले न्हवते.’’

रेवजीला ते पटेना. पाखराचा नर काय मोट धरून पाणी आणणार? पण दुसऱ्या दिवशी त्याने फास मांडले नाहीत. पिलंवाली एक मादी हेरून तो आणि झिमा खुरट्या बोरीआड पालथे पडून राहिले. ऊन चढलं. मादी चोच वासून बसली होती. मग तळ्याच्या बाजूने एकटा नर आला, उतरला आणि पोटाची पिसं विस्कटून ताठ उभा राहिला. पिलं आईखालून निघाली आणि शेळीला करडं लागावीत तशी त्याच्या पोटाला लागली. एकेक ओलं पीस चोचीत धरून ती पाणी चोखत होती. पिलांची तहान भागेपर्यंत तो बाप हलला नाही.

रेवजीने तोंड मातीत खुपसलं. आईला धरणार नाही म्हणून तो इतकी वर्षं बाप धरत होता, आणि पाण्याची वाट बघणारी लेकरं माळभर मरत होती. आपल्या हाताला लागलेली ती ओल कुणाच्या घशाची होती हे त्याला कळलं, आणि तो गुरासारखा ओरडून रडला. झिमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोर गेल्यापासून तिने पहिल्यांदाच तसा हात ठेवला होता.

त्याच दिवशी रेवजीने सगळे फास चुलीत घातले. झिमा मोळ्या विकून दोघांचं पोट भरू लागली. आणि रेवजी, ज्यांचे नर त्याने धरले होते त्या माद्या शोधत, माळ धुंडाळू लागला. तो डोक्याचं पागोटं सोडायचा, तळ्यात भिजवायचा, पोटाला बांधायचा आणि पिलांपाशी जाऊन ढोपरं-हात टेकून ओणवा राहायचा. मादी भिऊन उडायची. पिलं मातीला चिकटून गप्प पडायची. डोक्यावर उन्हाचा वणवा, आणि हा बाप्या जनावरासारखा ओणवा!

‘‘रेवज्याला पाखराचं याड लागलं,’’ गाव म्हणालं. पाटील मुद्दाम बघायला गेला होता, पण तो बघून आला आणि नंतर त्याने रेवजीला कधी चिडवलं नाही.

एके दिवशी एक पिलू हललं. ते तुरुतुरु आलं आणि पागोट्याचं टोक त्याने चोचीत धरलं. मग दुसरं आलं. त्या उन्हाळ्यात रेवजीने माळभर पिलं जगवली. पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्याच्याही पुढच्या, तो जातच राहिला. म्हातारा झाला, कमरेत वाकला, तरी गेला. एका साली खोकडतळंही आटलं, तेव्हा तो पार नदीवरून पागोटं भिजवून आणायचा, आणि एवढ्या वाटेत, एवढ्या उन्हात ते सुकत नसे, असं म्हणतात.

त्याच साली एक दिवस तो परतला नाही. गाव शोधायला निघालं. माळावर आकाशात पखुर्ड्यांचा थवा गोल फिरत होता, त्याच्या खाली रेवजी सापडला. हात-ढोपरं टेकून तसाच ओणवा, आणि प्राण केव्हाच गेलेला. पोटाचं पागोटं टपटप गळत होतं आणि खाली पिलं पाणी पीत होती. त्याला उचललं तेव्हा त्याच्या छातीवर काळ्या दोऱ्यासारखी एक बारीक रेघ उमटलेली सगळ्यांनी पाहिली, असं म्हणतात.

झिमा आली. ती रडली नाही. खाली बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

‘‘ह्या वक्ताला येळंवर पोचला तुमी,’’ ती म्हणाली.

तिथे एक दगड उभा आहे. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही, कोंबडं-बकरं तर नाहीच नाही. सकाळी पखुर्ड्या पाणी पिऊन उडाल्याशिवाय कुसळवाडीचं माणूस अजून तळ्यावर पाय ठेवत नाही. आणि चैत्रात, ज्या घरी वर्षभरात मूल झालं असेल, त्या घरची बाई बाळ घेऊन रेवजीच्या दगडापाशी जाऊन बसते. बाळाच्या बापाने तळ्यात आपलं उपरणं, आताशा टॉवेल, भिजवायचा, पोटाला बांधून माळ चालायचा आणि दगडापाशी पिळायचा. चार थेंब बाळाच्या ओठांना लावायचे, बाकीचं पाखरांसाठी खळग्यात सोडायचं.

ज्या बाळाचा बाप वारला आहे, किंवा पोटासाठी दूर गेला आहे, त्याची आईसुद्धा बाळ घेऊन येते. तिने कुणाला सांगायचं नसतं, कुणाची मनधरणी करायची नसते. ती नुसती बसते. गावातला कोणी ना कोणी गडी आपला टॉवेल भिजवून निघतो. कधी चौघं-पाचजण एकदमच येऊन पोचतात आणि ‘तू हो पुढं, तू हो पुढं’ करत अवघडून उभे राहतात. रेवजीच्या दगडापाशी बाई वाट बघत बसली आणि पाणी घेऊन कोणी आलंच नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही, असं म्हणतात.