लाखबंद मणी

त्या मुलखात कोणालाच काही लक्षात ठेवावं लागत नसे. पाणी कुठे आहे, कोणता पाला विषारी आहे, कोणत्या वाटेवर दरड कोसळली आहे, हे सगळं कानातला मणी सांगायचा. मणी मोहरीएवढा, उन्हात वाळवलेल्या मातीचा, आणि त्याला एक बारीकसं भोक. वारा रानोमाळ हिंडून यायचा, भोकातून आत शिरायचा, आणि मणी कानात कुजबुजायचा. नदीच्या अलीकडे हत्तींचं राज्य होतं, पलीकडे गव्यांचं. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे, पण कानातले मणी मात्र दोघांचेही एकाच हातचे होते.

ते हात कुंभारणींचे. मातीची इवलीशी मडकी करून भिंतीला चिकटवणारी बारीक कमरेची माशी असते ना, तीच. नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं, तिथे त्यांची वस्ती. मऊ निळी माती त्या गव्यांच्या काठावरून आणत आणि ती बांधायला लागणारा डिंक हत्तींच्या रानातून. हे काम दुसऱ्या कोणाला जमत नसे, आणि जमवून बघावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आयतं मिळत होतं, मग चिखलात हात घालायचा कशाला?

करवंदी नावाची हत्तीण हत्तींच्या दरबारात कर्णरक्षक होती, म्हणजे साऱ्या कळपाच्या कानांची सुरक्षा तिच्याकडे. हे पद तिला मिळालं, कारण कळपात सगळ्यांत कमी झोप तिलाच लागायची. त्या वर्षी कळपात एकच पिल्लू जन्मलं होतं, आणि ते तिचं. नाव भोपळ्या. त्याला अजून सोंडेने पाणी ओढता येत नव्हतं. सोंड पाण्यात बुडवायचा, फुरफुर करायचा आणि शेवटी तोंडच पाण्यात घालायचा. त्याच्याकडे बघून करवंदीला भरून यायचं आणि पाठोपाठ भीती वाटायची. जपायला काही असलं की जिवाला धास्ती लागतेच, आणि करवंदीची तर धास्ती हीच नोकरी होती.

गडबड सुरू झाली ती एका खबरीने. हत्ती रोज सकाळी कुठे आंघोळ करतात हे गव्यांना ठाऊक आहे, असं पक्कं समजलं. हत्ती नदीत आंघोळ करत आणि नदी पलीकडून दिसते, हा मुद्दा बैठकीत कोणी काढला नाही. कळपाच्या मुख्य असलेल्या थोरल्या बाई कान फडफडवत म्हणाल्या, "करवंदी, हे फुटलं कुठून?"

"बाई, मण्याला भोक आहे," करवंदी म्हणाली. "त्यातून जसं आत येतं, तसं बाहेरही जात असणार."

मण्याला भोक आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण या सुरात ते कोणी बोललं नव्हतं. आजवर आपण मण्याजवळ काय काय पुटपुटलो हे प्रत्येकीला आठवलं. पलीकडे गव्यांचाही एक कर्णरक्षक होता. तो करवंदीइतकाच प्रामाणिक आणि तिच्याइतकाच कमी झोपणारा. त्यामुळे साधारण त्याच सुमाराला तोही याच निष्कर्षाला पोचला.

कुंभारणींची म्होरकी होती यमाक्का. करवंदीने तिला बोलावून घेतलं. यमाक्का येऊन करवंदीच्या सोंडेच्या टोकावर बसली, कारण आणखी कुठे बसली असती तर दिसली नसती.

"यापुढे भोक बुजवून मणी द्यायचे," करवंदी म्हणाली.

"बाई, भोक ठेवलं नाही तर माती वाळताना तडकते. आणि नाही तडकली, तरी वारा शिरायचा कुठून? बिनभोकाचा मणी म्हणजे नुसता खडा झाला की हो."

"पण त्या भोकातून काय काय जातं, याची हमी कोण देणार?"

"वारा जातो. आता वाऱ्याची हमी मी कशी देऊ? तुम्ही देता का?"

"उलट बोलू नका, यमाक्का. आणि हो, गव्यांना आता मणी द्यायचे नाहीत."

"अहो, माती त्यांच्याकडनं येते."

"मग माती घ्या आणि मणी देऊ नका."

यमाक्काने पंख चोळले. मग म्हणाली, "सकाळीच पलीकडे जाऊन आले. त्यांनीही शब्दाला शब्द हेच सांगितलं. फक्त मातीच्या जागी डिंक म्हणाले."

करवंदीने त्यातलं एवढंच ध्यानात घेतलं, की यमाक्का सकाळी पलीकडे जाऊन आली होती.

लगोलग बेटाच्या संरक्षणासाठी हत्तींची एक तुकडी बेटावर उतरली. दुसऱ्या अंगाने गव्यांची तुकडी उतरली, तीही संरक्षणासाठीच. बेट लहान आणि रक्षक दांडगे. कुंभारणींची घरटी खडकांना चिकटलेली असत. पाठीला खाज सुटली की हत्ती त्याच खडकांना अंग घासत, आणि गवे तिथेच शिंगं. यमाक्का दोन्हीकडच्या कानांशी गुणगुणत फिरली. "पाया पडते, जरा लांब उभं राहून संरक्षण करा!" पण कानाशी येऊन कोणी काही गुणगुणणं ही आता संशयाची गोष्ट झाली होती, म्हणून दोन्हीकडच्यांनी कान झटकले. शेवटी एके सकाळी उरल्यासुरल्या कुंभारणी उठल्या आणि वारा नेईल तिकडे निघून गेल्या. पहारा चालूच राहिला. बेट पूर्णपणे सुरक्षित असल्याचं दोन्ही तुकड्यांनी आपापल्या दरबाराला कळवलं.

नवे मणी येईनासे झाले तेव्हा थोरल्या बाईंनी जाहीर केलं, की मणी आपले आपणच घडवू. कळपातल्या हुशार हत्तिणी चिखलात उतरल्या. पायांनी मळून आणि सोंडेने वळून त्यांनी जो पहिला मणी केला, तो फणसाएवढा झाला. कानात जाईना, म्हणून कानाला वेलीने टांगला. ज्या हत्तिणीने तो घातला तिची मान एका बाजूला कायमची कलली, आणि तिचा सत्कार झाला. मणी काही बोलत नव्हता. पण तो गव्यांशीही बोलत नव्हता, आणि हे सगळ्यांना फार आवडलं. गव्यांनी केलेला मणी याहून मोठा असल्याचं कळलं, तेव्हा लगेच दुसरा करायला घेतला.

कानातल्या जुन्या मण्यांचं काय करायचं, हे करवंदीच्या गळ्यात पडलं. तिने रात्रंदिवस डोकं खपवलं आणि उपाय काढला. रानात झाडांच्या फांद्यांवर लाख धरते. ती पाघळवून काडीच्या टोकाने मण्याच्या भोकावर एकच थेंब सोडायचा. ना काही आत, ना काही बाहेर. पहिला थेंब तिने स्वतःच्या मण्यावर सोडून घेतला, मग सगळा कळप तिच्यापुढे कान करून उभा राहिला. त्या दिवशी कितीतरी काळाने करवंदी गाढ झोपली.

लाखबंद मण्याचा गुण लवकरच दिसून आला. पूर्वी मणी फटकळ होता. तिकडे पाणी नाही, मागे फिर, असं तोंडावर सांगायचा. आता वारा आत शिरत नव्हता, त्यामुळे मण्यात उरला तो ज्याच्या कानात मणी त्याच्याच डोक्यातला आवाज. थोरल्या बाईंना मणी म्हणायचा, बाई, तुमचंच खरं. करवंदीला म्हणायचा, सावध, कोणीतरी ऐकतंय. मणी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ शहाणा झालाय, यावर कळपाचं एकमत झालं. गव्यांनी आपली भोकं मेणाने बुजवल्याची खबर आली, तेव्हा आपली लाख मेणापेक्षा पक्की आहे या विचाराने सगळ्यांना आणखी बरं वाटलं.

मग उन्हाळा आला आणि नदी आटली.

दर उन्हाळ्यात कळप मोठा माळ ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जात असे. माळाच्या तोंडाशी येऊन थोरल्या बाईंनी विचारलं, "वाट कोणती?" प्रत्येकीचा मणी बोलला आणि प्रत्येकीचा वेगळं बोलला. जिला उतार आवडायचा तिचा मणी तिला उताराकडे बोलावत होता, जिला सावली आवडायची तिचा सावलीकडे. मान कललेली हत्तीण काहीच म्हणत नव्हती, म्हणून तिच्याकडे सगळ्या आदराने बघत होत्या. भोपळ्या आईच्या पायांत घुटमळत होता. त्याची सोंड कोरडी ठक्क पडली होती आणि करवंदीचं दूध आटत चाललं होतं. पाणी कुठे आहे, असं तिने मण्याला परत परत विचारलं. मणी म्हणाला, सावध.

तेवढ्यात तिला जमिनीवर खुरांच्या खुणा दिसल्या. ताज्या. गव्यांचा अख्खा कळप तिथून गेला होता.

"बाई, त्यांना वाट माहीत आहे!" करवंदी म्हणाली. "त्यांनी मेण लावलंय ना? या उन्हात मेण वितळलं असणार. त्यांचे मणी उघडे पडलेत, वारा त्यांना पाणी दाखवतोय. गुपचूप त्यांच्या मागावर राहू या. त्यांना पत्ता लागायला नको."

थोरल्या बाईंच्या मण्याला हे पटलं. कळप अंतर राखून, पाय न वाजवता निघाला. आता हत्तींचा कळप पाय न वाजवता कसा चालतो ते विचारू नका, पण त्यांनी तसा हुकूम पाळला.

वाट हळूहळू डावीकडे वळत होती. गवे धूर्त, सरळ कशाला जातील, असं थोरल्या बाई म्हणाल्या. पुढे पुढे वाट रुंद होत गेली आणि चालणं सोपं झालं, म्हणजे पाणी जवळ आलं असणार. मग खुरांच्या खुणांखाली हत्तींच्या पायांचे ठसे दिसायला लागले. थोरल्या बाई जागच्या जागी थबकल्या.

"फितूर!" त्या ओरडल्या. "आपल्यातलं कोणीतरी पुढे राहून त्यांना वाट दाखवतंय! चला, पाय उचला!"

कळपाने पाय उचलले. भोपळ्या दोनदा खाली बसला. दोन्ही वेळा करवंदीने त्याला सोंडेने ढकलून उभं केलं आणि दोन्ही वेळा तिच्या काळजाचं पाणी झालं. तिला ओरडून म्हणावंसं वाटत होतं, अगं थांबा, माझं लेकरू जातंय. पण पाण्याकडे नेणारी दुसरी वाट तिला माहीत नव्हती, आणि ही वाट तर तिनेच सुचवली होती.

ऊन कलताना जरा वाऱ्याची झुळूक आली. माळावरची धूळ फाटली आणि करवंदीला माळाच्या पार पलीकडच्या कडेला गवे दिसले. तेही रांगेनेच चालले होते. माना खाली, नाकं जमिनीला लागलेली. पुढचा गवा जमीन हुंगायचा, थांबायचा, आणि एकेक पाऊल जपून टाकायचा. आपला पत्ता कोणाला लागू नये असं ज्याला वाटतं, तो चालतो तसा. ते ज्या ठशांवरून चालले होते, ते गोल असणार, हे तिला कळलं.

करवंदीने खाली पाहिलं. तिच्या पायाशी, मोठ्या ठशांच्या मधोमध, एक छोटासा गोल ठसा होता.

"बाई, थांबा!" ती म्हणाली. "हे पाय आपलेच आहेत. आपण आपल्याच मागून चाललोय, आणि ते आपल्या मागून."

थोरल्या बाईंनी कान टवकारून मण्याचं ऐकून घेतलं. "मणी म्हणतो, आपण इथे थांबावं हेच तर त्यांना हवंय," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. कळप निघाला. करवंदीने सोंडेचं टोक कानात घालून मण्यावरची लाख खरवडून पाहिली, पुन्हा पुन्हा खरवडली. लाख पक्की बसली होती. काम तिने मन लावून केलं होतं.

ती वळली तेव्हा भोपळ्याला एक खेळ सापडला होता. त्याने त्या छोट्या ठशात आपला पाय ठेवला. ठसा बरोबर त्याच्या मापाचा होता, फक्त त्याच्या आताच्या पावलापेक्षा खोल उमटलेला होता. त्याने त्यात सगळा भार टाकून दाबून पाहिलं, पाय उचलला, आणि खाली वाकून बघितलं. मातीवर नवीन काहीच उमटलं नव्हतं. मग त्याने पुढच्या ठशात पाय ठेवला.