पाद्रीबाबांची वही

पूर्वी एकदा, म्हणजे माणसे आजच्याइतकीच शहाणी होती तेव्हा, एका डोंगराळ राज्यात समुद्रापलीकडून एक पाद्री आला. येशूच्या नावाने घरदार सोडलेल्या विद्वानांच्या संघातला तो. इथल्या लोकांचा धर्म समजून घे आणि लिहून पाठव, अशी त्याला वरिष्ठांची आज्ञा होती. काम दोन वर्षांचे ठरले होते. त्याला चाळीस वर्षे लागली.

एवढ्या काळात त्याचे देवीचे एक देऊळ तेवढे लिहून झाले. देवळाच्या पायरीवर बसून तो गुरवाला विचारी, फुले विकणारीला विचारी, आणि ऐकलेले वहीत उतरवी. कुणी सांगितले, कोणत्या दिवशी, तेही लिही. वरिष्ठ दरवर्षी पत्रातून विचारत, बाप्तिस्मे किती झाले? तो दरवर्षी वहीची नक्कल पाठवी. पुढे पत्रे बंद झाली.

आता त्याचे गुडघे गेले होते आणि डोळे जायच्या बेतात होते. त्याला एकच गोष्ट हवी होती. देवळासमोरच्या चिंचेखाली पुरण्यापुरती जागा. चाळीस उन्हाळे जिच्या सावलीत काढले, तिथेच कायमचे पडावे. पण जागा देवळाची, आणि देवळात शब्द चाले तो पालखीला पहिला खांदा देणाऱ्याचा.

त्या वर्षी जत्रेआधी नेमका त्यावरूनच जुना तंटा पुन्हा पेटला. वरच्या आळीचे पाटील म्हणत, पहिला खांदा आमचा. खालच्या आळीचे देशमुख म्हणत, आमचा. जाणती माणसे मरून गेली होती. मग कुणाला तरी पाद्रीबाबांची वही आठवली. ज्या वहीला गाव चाळीस वर्षे हसले, तिला एका दुपारीत पावित्र्य आले.

पाटील केळीचा घड घेऊन आले.

"बाबा, तुम्ही आमच्यातलेच."

"कधीपासून, पाटील?"

"थट्टा राहू द्या. वहीत आमचं नाव निघालं, की चिंचेखालची जागा तुमची."

ते गेले आणि देशमुख आले. त्यांनी फणस आणला होता. बोलणे तेच.

पाद्र्याने वही उघडली. जुन्या गुरवाचे शब्द तिथे होते: "पहिला खांदा कुंभारांचा. देवीची पहिली मूर्ती त्यांच्या मातीची. बाकीचे मागून आले." कुंभारांना तर आता देवळाच्या आवारातही उभे करत नसत.

त्याची लिपी गावात कुणालाच वाचता येत नव्हती. तो बराच वेळ पानाकडे बघत बसला. चाळीस वर्षांत त्याने एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. आता एकच खोटी वाचायची होती. पण तो फार थकला होता, आणि खोटे निभावून न्यायला अंगात जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी देवळात भरलेल्या गावसभेत त्याने होते तसे वाचले.

मग पाटील म्हणाले, "परक्याला आपल्यातलं काय कळतंय?"

"अगदी बरोबर, पाटील," देशमुख म्हणाले.

वीस वर्षांत दोघांचे प्रथमच एकमत झाले. एक वर्ष पाटलांचा खांदा, एक वर्ष देशमुखांचा, असे ठरले. पाद्र्याने पायरीवर बसायचे नाही आणि त्याला चिंचेखाली पुरायचे नाही, हेही ठरले.

तो काठी टेकत उतरला. आवाराच्या भिंतीबाहेर कुंभारांची म्हातारी उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"बाबा, कशाला वाचलंस? आम्हाला काय मिळालं?"

"काही नाही, बाई."

"मग?"

"लिहिलेलं होतं."

म्हातारीने कुंभारांच्या वस्तीकडे बोट दाखवले. "आमच्या मातीच्या खाणीशेजारी जागा हाय. माती चांगली हाय. सावली मातुर नाय."

"चालेल," तो म्हणाला.

पुढच्या जत्रेआधीच तो गेला. चार कुंभारांनी त्याला उचलले. त्या पहिल्या खांद्यासाठी मात्र कुणी भांडायला आले नाही.

तात्पर्य: खरे बोलून हवी ती जागा मिळेलच असे नाही, पण जी मिळते तिच्यात मान खाली घालून पडावे लागत नाही.